माझी व्हडी कित्याक?

ध्रुवतारा आमच्याकडे फार खाली असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश आभाळ झाकते. देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, उभं राहिलं की ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीवर, म्हणजे १६-साडेसोळा अंशांवर. मध्ये एखादं उंच कलम आलं की गेला आंब्याच्या पानांत. लडाखला तोच ३४ अंशांवर चढतो, म्हणून तिकडच्या फोटोंत ताऱ्यांच्या रेघा त्याच्याभोवती परातीएवढी पूर्ण वर्तुळं काढतात. आमच्या फोटोतली वर्तुळं अर्धी जमिनीत बुडालेली. सप्तर्षी बुडतात, शर्मिष्ठाही बुडते. सुरुवातीला मला हा आमच्या गावाचाच दोष वाटायचा.

नोकरी कोल्हापूरला. अमावास्या शनिवार-रविवारला लागून आली की फोंडा घाट उतरून घरी यायचं, हे गेली काही वर्षं चाललंय. आई म्हणायची, लोक सणाला घरी येतात, हा अवसेला येतो. कॅमेरा जुना, छोट्या सेन्सरचा. त्यावर ११ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८ पर्यंत उघडणारी. पहिली दोन वर्षं मी नुसतं आभाळ टिपलं. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) चढवायचा, तोंड वर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) ३२००, पडदा २० सेकंद उघडा. आपल्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसणारी आकाशगंगा स्क्रीनवर उमटली तेव्हा अंगावर काटा आला होता. दहाव्यांदा उमटली तेव्हा नाही आला. मागच्या पडवीतून काढलेला फोटो आणि वाळवंटात जाऊन कोणी काढलेला फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा ते मलाच सांगता येईना.

मग खाली काहीतरी हवं म्हणून पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, गेलो.

चैत्रातली अवस होती, पहाटेचे चार वाजून गेलेले. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, एक होडी वाळूत कलती पडली होती. तिच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खाली तिकाटणं जवळजवळ वाळूला टेकवून मी पोटावर पडलो होतो. डोक्याला लाल दिवा, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की काळोखाला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात. मागून आवाज आला.

"कोण रे तो? ह्या येळार हय काय करतंस?"

"ताऱ्यांचे फोटो काढतंय, काका."

काका होडीचे मालक. ते जवळ आले, आधी वर बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"ताऱ्यांचे? तारे वर आसत. मगे मधी माझी व्हडी कित्याक?"

मला उत्तर देता आलं नाही. "बरी दिसता" असं काहीतरी पुटपुटलो. हा प्रश्न मात्र अजून गेलेला नाही.

त्या रात्री एक गोष्ट अशी कळली, जी अॅपमध्ये बघून कळली नव्हती. आकाशगंगेचा जाड, चमकदार भाग धनू आणि वृश्चिकेच्या बाजूला आहे. तो आपल्याकडे आग्नेयेला उगवतो, म्हणजे सह्याद्रीच्या अंगाने, जमिनीवरून. मार्चच्या मध्यात रात्री दीड वाजता, मेच्या सुरुवातीला दहाच्या सुमारास. दक्षिणेला मध्यावर येतो तेव्हा साडेचार मुठी उंच असतो. समुद्र पश्चिमेला. म्हणजे समुद्रावर आकाशगंगा हवी असेल तर ती कलंडेपर्यंत थांबायचं, आणि मेमध्ये ती नैऋत्येला कलायला लागते न लागते तोच पावणेपाचला पूर्वेकडून पहाट फुटायला लागते. जूनमध्ये ती रात्रभर आभाळात असते, पण जूनमध्ये आमच्याकडे आभाळच नसतं. मृग लागला की चार महिने कॅमेरा तांदळाच्या डब्याशेजारी, बुरशी धरू नये म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ती थोडा वेळ नैऋत्येच्या पाण्यावर उभी सापडते, तेवढंच. कोकण किनाऱ्याच्या फोटोग्राफरला देवाने हंगाम दिला तो हापूसएवढाच.

आणि हापूसचा हंगाम म्हणजे राखण. एका रात्री सड्यावरून बागेच्या कडेने जाताना माझा लाल दिवा दिसला आणि दोन बॅटऱ्या थेट तोंडावर आल्या. राखणीला नेपाळी जोडपं होतं. "रात को फोटो?" असं त्याने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात मीही विचारलं असतं. पिशवी उघडून दाखवावी लागली. आत एकही आंबा नाही हे बघून त्यांचा संशय वाढलाच. शेवटी बागेच्या मालकाला फोन लावला, तो झोपेतून उठून जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

पंचांगाचं महत्त्व मला फोटोंनी पटवलं. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीच्या पाऊणपट तास धरून भरतीची वेळ सांगतात. अचूक नाही, पण आपल्याला मिनिटं कुठे हवी असतात. अमावास्या पंधरावी तिथी, तिचा हिशोब येतो अकरा-साडेअकराचा. म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास उधाणाची भरती, आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पहाटे पाच-साडेपाचला. आता हे आभाळाशी जुळवून बघा. अवसेला चंद्र नाही, आकाशगंगा पहाटे चारला दक्षिणेवर, आणि त्याच वेळी पाणी मागे सरलेलं, ओली वाळू आरशासारखी उघडी. त्या वाळूत ज्येष्ठा ताऱ्याचा तांबूस ठिपका उतरलेला मी बघितलाय. लाटेचा एक पातळ पदर येतो, ठिपका पुसतो, परत जातो, ठिपका परत.

पण अवसेला खाली मिट्ट काळोख. २० सेकंदांत आभाळ येतं, होडी येत नाही. तिच्या जागी होडीच्या आकाराचं भोक येतं. जास्त वेळ उघडं ठेवावं तर पृथ्वी फिरते आणि तारे लांबट होतात. या लेन्सला जेमतेम ३० सेकंदांची मुभा, ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं आणि छोट्या सेन्सरची दीडपट धरायची, असा ढोबळ नियम आहे. मी वीसवर थांबतो. म्हणून दोन-तीन दिवस आधी, वद्य द्वादशीला, जायचं. तेव्हा चंद्राची कोर पहाटे सव्वातीन-साडेतीनला आपल्या पाठीमागून, माडांच्या मागून वर येते आणि समोरची वाळू, होडी, खडक हलकेच उजळते. तारे फारसे फिके पडत नाहीत. मात्र द्वादशीला पाऊणपटीचा हिशोब नऊचा, म्हणजे सुकती तीनला. कोर वर येते तेव्हा पाणी परतायला लागलेलं. आरसा आणि उजेड एकाच रात्री मिळत नाहीत. मला आजवर मिळालेले नाहीत.

तिसरा मार्ग बॅटरीचा. त्यावर फार मतभेद आहेत, माझे माझ्याशीच. बॅटरी कॅमेऱ्याजवळून मारली की होडी लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्यासारखी दिसते. बाजूला वीस पावलं जाऊन, बॅटरीवर पतंगाचा पिवळट कागद बांधून, जमिनीलगत दोन-तीन सेकंद फिरवली तर फळ्यांचे सांधे, दोरीचा पीळ, काथ्या सगळं उठून येतं. हे मी शिकलो ते कातळशिल्पांमुळे. जांभ्यावर खोदलेल्या त्या आकृत्या भर दुपारी जवळजवळ दिसतच नाहीत. रेघ बोटभर खोल आणि ऊन डोक्यावर. संध्याकाळी किरण तिरपे झाले की सडा एकदम बोलायला लागतो. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, १८ मीटर लांब; त्याच्या पोटात इतर प्राणी खोदलेले. २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तो हत्ती रात्री, वर आकाशगंगा, असा फोटो माझ्या डोक्यात वर्षभर होता. प्रत्यक्षात माझ्या उंचीवरून ११ मिलिमीटरच्या लेन्सलाही हत्ती हत्तीसारखा दिसेना. पाय लांब सोंड आखूड, कुठल्या बाजूने बघावं तसा. त्याला वरूनच बघायला हवं. खोदणाऱ्याने तो कोणी बघावा म्हणून खोदला, हा विचार करत कडेला बसून राहिलो. कडेलाच, कारण रेघांवर पाय द्यायचा नाही, काळोखात तर नाहीच. फोटो नाही झाला. सडा मात्र दिवसभराच्या उन्हाने मध्यरात्रीही गरम होता, पाठ टेकली तर शेकत होती.

आता कबुली. पहिल्या होडीच्या फोटोनंतर मला एक दुरुस्ती सुचली. होडीचं नाक वायव्येकडे होतं आणि तिकडून ती फार देखणी दिसायची, मागे उत्तरेकडची खडकाची टेकडी, सगळी मांडणी आयती. अडचण एकच, आकाशगंगेचा तो चमकदार भाग तिकडच्या आभाळात नाही. मग मी चांदण्यात वायव्येकडे तोंड करून होडी टिपली आणि घरी संगणकावर तिच्या डोक्यावर दक्षिणेची आकाशगंगा चिकटवली. कडा नीट जुळल्या. त्या फोटोला जेवढी वाहवा मिळाली तेवढी आधी कशालाच मिळाली नव्हती. "आमचं कोकण!" म्हणून लोकांनी एकमेकांना पाठवला. माझ्याकडेही तो फिरून आला.

मे महिन्यात भावाची मुलगी मुंबईहून आली. नववीतली. फोटो घेऊन ती पुळणीवर गेली, परत आली आणि जेवताना म्हणाली, "काका, ही टेकडी वायव्येला आहे. अॅपमध्ये बघितलं. धनू रास तिकडे कधीच जात नाही."

"कधीच म्हणजे?"

"वर्षभर पुढे सरकवून बघितलं. कधीच."

भाऊ हसला. वहिनी म्हणाली, अगं आमटी घे. मी मान खाली घालून जेवलो. खरं तर मला ते माहीत होतं, तिच्या आधीपासून. मृग मावळताना आपल्याकडे आडवा होतो, अगस्त्य दोन मुठींच्या वर जात नाही, मेच्या सुरुवातीला रात्री सव्वादहाला त्रिशंकू दक्षिणेला दीड मूठभर उंचीवर जेमतेम उभा राहतो, हे सगळं मी लोकांना हौसेने सांगत असतो. हे आभाळ या जागेचं आहे. ध्रुव दीड मुठीवर आहे कारण मी इथे उभा आहे. दुसरं काही कारण नाही. आणि मी तेच उचलून भलत्या दिशेला टांगलं होतं. काकांची होडी तिथे कित्याक, तर चिकटवायला.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. तिकाटणं एकदा वाळूत रोवलं की हलवायचं नाही. आभाळाचा एक फोटो २० सेकंदांचा, लगेच त्याच जागेवरून होडीचा चार मिनिटांचा, आणि हे दोन घरी जोडायचे. काही मित्रांना हीसुद्धा लबाडी वाटते, काहींना माझा सोवळेपणा हास्यास्पद वाटतो. चालू दे.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाबद्दल. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून चौथरे आहेत. गावात कोणालाही विचारा, १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियम शोधला असं ऐकायला मिळेल. १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतो. आता १८ ऑगस्ट ही तारीख आणि विजयदुर्ग ही जागा, यांत आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला पहिली शंका पावसाची यायला हवी. श्रावणात सूर्य दिसला तरी पुरे, त्यात दुर्बिणी कुठल्या लावता? इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये होता, आणि ज्या खुणेवरून हेलियम ओळखला ती सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेघ त्याने तिथून, ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच बघितली. विजयदुर्गला तो आला हे मात्र खरं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारीत. निरभ्र आभाळ, कोरडी हवा, अगदी मी निवडला असता तो महिना. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. आधी कवायत करून घेतलेली: कोणी काच बदलायची, कोणी सेकंद मोजायचे. काळोख सुमारे दोन मिनिटांचा.

मला या प्रसंगातली हेलियमपेक्षा ती कवायत आवडते. काळोखात हात आपोआप जागेवर जायला हवेत, हे ज्याने रात्री पुळणीवर स्क्रू पाडलाय त्याला कळतं. ते कट्टे पुढे धरून वर तारे, असा फोटो काढायची फार इच्छा आहे. पण किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, सूर्यास्ताला दरवाजा बंद. बाहेर जेटीवरून तटबंदी टिपली, त्यात समोरच्या दिव्यांचा पिवळा चिखल आला.

बारीकसारीक त्रास सांगत बसत नाही. लेन्सवर खारं दमट बसतं ते कोरड्या फडक्याने पुसू नये, काच ओरखडते. तिकाटणं घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं. मेमधल्या उकाड्यात सेन्सर तापतो आणि फोटोत लाल-निळी पुरळ उठते. भाजावळीचा धूर खाली बसला की तारे दोन मुठींच्या वरच सुरू होतात. हे ज्याचं त्याला कळतंच.

होडीकडे येतो. नियम केला खरा, पण होडीचं नाक वायव्येकडेच. ती वळवायची तर खाली लाकडं टाकून आठ-दहा माणसं लागतात, आणि माझ्या फोटोसाठी कोण येतंय. पुढच्या वर्षी वैशाखात गेलो तर ती आपसूक दक्षिणेला तोंड करून पडलेली. कोणी ठरवून केलं नव्हतं, शेवटची रापण ओढताना तशी ठेवली गेली होती. आठवडाभरात ती वर ओढून झापांनी शाकारणार होते. दोन रात्री हातात होत्या. पहिली ढगात गेली. दुसऱ्या रात्री साडेचारला ढग फाटले आणि पंधरा मिनिटं मिळाली. आभाळाचे सहा, होडीचे दोन.

फोटोत एकच खोट होती. क्षितिजावर डावीकडून मध्यापर्यंत हिरवट-पांढरे डाग, एका ओळीत, दूरच्या बोटींचे. घरी संगणकावर अर्ध्या तासात पुसले. पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये स्वच्छ काळी रेघ आली. मोठी प्रत छापली, आणि काकांना नेऊन दिली. त्यांनी आधी एक मागणी केली होती, तीही सोबत नेली: भर दुपारचा फोटो, होडीवर हात ठेवून काका, मागे नाव स्पष्ट. "नाव दिसाक व्हया" हे त्यांनी तीनदा बजावलं होतं.

दुपारचा फोटो बघून ते खूश झाले. काकी बाहेर आली, शेजारची आली. मग रात्रीचा हातात घेतला. उंबऱ्याजवळ उजेडात नेला. बराच वेळ बघत होते, मला वाटलं आकाशगंगा बघतायत. त्यांचं बोट क्षितिजावर होतं.

"हय उजेड होतो. तो खय गेलो?"

"पुसलंय काका. बरो नाय दिसत होतो."

"पुसलंस?" त्यांनी काकीकडे बघितलं, जणू मी जाळं फाडून आलो होतो. "अरे, त्यो एलईडीवाल्यांच्यो बोटी. रातभर उजेड मारून सगळा मासा थयच उचलतत. हय रापणीक काय येतला? सांगतलंव तर पुरावो खय म्हणतत."

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, हे मला वाचून माहीत होतं. माझ्या फोटोत ती बंदी कुठे आणि कशी मोडते हे दिसत होतं, हे लक्षात आलं नव्हतं. पुतणीने पकडली ती लबाडी निदान मी लबाडी म्हणून केली होती. ही तर मी सफाई समजून केली.

मूळ फाइल होती. कोल्हापूरला जाऊन पुन्हा छापली, काहीही न पुसता, कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकून. काकांनी खिडकीत धरून दिवे मोजले. सात. माझ्याकडून परत मोजून घेतले. सात.

दुपारचा फोटो त्यांच्या घरी टीव्हीच्या वर आहे. रात्रीचा गावच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात लागला, टेबलामागच्या भिंतीवर. मागच्या खेपेला बघून आलो. भिंतीला खिळा एकच, त्यावरच तिथीचं कॅलेंडरही टांगलंय. त्यामुळे आकाशगंगा पूर्ण झाकली गेलीय. खाली होडी दिसते, आणि सात दिवे.